इनासभाऊंच्या कुंडीतली वेल

मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता सिंथियाचा फोन आला. तिचे वडील, इनासभाऊ, त्या दिवशी सकाळी वसईला घरी वारले. मी शाळेच्या ग्रंथालयात होतो. सहावीच्या मुलांना पुस्तकं बदलून द्यायची होती, ती दिली. मग घरी आलो आणि बायकोला, जुबेदाला, सांगितलं. ती भात टाकत होती. तिनं गॅस बंद केला.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मला सावकाश लिहायची सवय आहे, आणि एरवी हा लेख मी आणखी वर्षभरानं लिहिला असता. पण भाऊ गेल्यावर आठ दिवसांच्या आत एका बाईंनी समाजमाध्यमावर त्यांचा फोटो टाकला. फोटोत भाऊ हॉटेलच्या पांढऱ्या कोटात, हातात झारा. खाली इंग्रजीत मजकूर होता : अ‍ॅमेझॉनच्या पवित्र वनस्पतीचा वारसा आम्हाला देणारे आमचे शामन, आमचे वैदू-गुरू, अनंतात विलीन झाले, पेरूच्या जंगलातल्या आमच्या पुढच्या शिबिरातला पहिला सोहळा त्यांच्या नावानं होईल, इच्छुकांनी संपर्क साधावा. त्याखाली जोडलेले हात आणि लाल बदाम, बोट दुखेपर्यंत खाली सरकवत राहावं इतके. त्या बदाम देणाऱ्यांमध्ये मला अशी माणसं दिसली, ज्यांनी भाऊ मस्कतमध्ये असताना त्यांचा फोन उचलणं बंद केलं होतं. मी तो मजकूर तीनदा वाचला. भाऊ शामन नव्हते. भाऊ कूक होते. त्यांनी आयुष्यात कुणालाही कसलीही वनस्पती पाजली नाही. आणि हे सगळं ज्या एका वाक्यातून सुरू झालं, ते वाक्य मी लिहिलेलं होतं... म्हणून हे लिहिणं माझ्याकडे येतं, आणि आताच येतं.

मी मस्कतमध्ये, अल् घुब्रातल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि भाऊ तिसऱ्या. ते एका हॉटेलात मुख्य आचाऱ्याच्या हाताखाली होते, आणि बरीच वर्षं झाल्यामुळे त्यांना स्टाफच्या वसतिगृहाऐवजी एका खोलीचा फ्लॅट मिळाला होता. रेमीवहिनी आणि सिंथिया वसईला. सुरुवातीचं वर्षभर आमची ओळख जिन्यापुरतीच होती. पण शुक्रवारी दुपारी, सुट्टीच्या दिवशी, वर कुणीतरी जायचं. कधी ड्रायव्हर, कधी एखादा वेल्डर, एकदा तर चांगल्या कपड्यांतला बँकेतला माणूस. दर शुक्रवारी वेगळं कुणी असं नव्हे. तोच माणूस सलग तीन-चार शुक्रवार यायचा आणि मग यायचा बंद व्हायचा. जुबेदाला राहवेना. "वर कुणी बाबा बसलाय का बघून या," म्हणाली. "नाहीतर पत्ते तरी."

मी वर गेलो तर दार उघडंच होतं. टेबलाशी एक माणूस पेज पीत होता. समोर भाऊ लसूण सोलत बसले होते. दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. भाऊंनी मला बोटानं खुर्ची दाखवली आणि हळू आवाजात म्हणाले, "बसा मास्तर. पण बोलू नका, हा जेवतोय." मी म्हटलं, मी मास्तर नाही, ग्रंथपाल आहे. "मग पुस्तकांचे मास्तर. बसा." पुढचा अर्धा तास मी एका अनोळखी माणसाला आळणी पेज पिताना बघत बसलो. आणि मला आठवतं, मला कंटाळा आला नाही.

भाऊंची पद्धत अशी होती. झोप न लागणारा, जेवण न जाणारा, कामावर कुणाशी न बोलणारा असा कुणी त्यांच्याकडे आला, की ते आधी विचारायचे, काल काय जेवलास? परवा? कुणाबरोबर? घरी शेवटचा फोन कधी केलास आणि काय नाही बोललास? मग त्याला ते पथ्य लावायचे : आठवडाभर मीठ नाही, मिरची नाही, गोड नाही. पेज, उकडलेला बटाटा, उकडलेला मासा. शुक्रवारी येऊन समोर बसायचं. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाही वाटलं तर लसूण सोलायचा. असे तीन-चार आठवडे. शेवटच्या शुक्रवारी भाऊ चिमूटभर मीठ त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "चाखून बघ." एवढंच. त्यांच्या घरात कसला धूप नव्हता, गंडा नव्हता, मंत्र नव्हता. तापाचं किंवा छातीत दुखण्याचं काही असेल तर ते त्या माणसाला हाताला धरून दवाखान्यात नेऊन बसवायचे. "हे माझं काम नाही," म्हणायचे, "मी फक्त ज्याची चव गेलीय त्याच्यासोबत बसतो."

हे ते कुठं शिकले, हे मला कळायला दीड-दोन वर्षं लागली. इनासभाऊ ओमानात पहिल्यांदा आले ते वाळवंटातल्या तेलाच्या कॅम्पवर कूक म्हणून. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या कंत्राटदारानं त्यांना दोन वर्षांसाठी पेरूमध्ये पाठवलं, अ‍ॅमेझॉनच्या एका उपनदीकाठी सर्वेक्षणाचा कॅम्प होता तिथं. वाळूतून थेट चिखलात, असं ते सांगायचे. तिथं असताना त्यांची थोरली मुलगी लीना वसईला मेंदूज्वरानं गेली. चार वर्षांची होती. निरोप कॅम्पच्या वायरलेसवर पोचेपर्यंत पाच दिवस उलटले होते. पुरलंही होतं तिला. बोट दहा दिवसांनी होती. भाऊंनी ती घेतली नाही. "आता कशाला जायचं, असं वाटलं. त्याची शरम मला अजून आहे," हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यानंतर त्यांच्या तोंडाची चव गेली. दीडशे माणसांचं जेवण करणारा माणूस, त्याला मीठ कळेना. रस्सा खारट व्हायचा, भात आळणी. लोक ताटं आपटायला लागले. कॅम्पच्या डॉक्टरनं जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या.

स्वयंपाकघरात मार्ता नावाची मदतनीस होती, नदीपलीकडच्या वस्तीतली. तिची आई जाणती होती, लोक तिला आदरानं दोन्या एल्वीरा म्हणायचे. मार्ता भाऊंना आईकडे घेऊन गेली. इथं वाचकांच्या मनात जे येईल ते येण्याआधीच मी पुढचं सांगतो. पहिले आठ दिवस त्या म्हातारीनं वनस्पतीचं नावही काढलं नाही. मीठ बंद केलं, मिरची बंद केली, उकडलेली कच्ची केळी आणि नदीतला मासा. आणि विचारत राहिली. मार्ता ते भाऊंना कळेल अशा मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगायची. काय खाल्लंस, कुणावर रागावला आहेस, मुलीच्या हातांना कसला वास यायचा... "मास्तर," भाऊ म्हणाले, "लीना गेल्यावर सगळे मला धीर धर म्हणत होते. तिच्या हातांना कसला वास यायचा, हे कुणीच विचारलं नव्हतं." मी विचारलं, कसला यायचा? "सुकटीचा," ते म्हणाले आणि हसले. "आई निवडायला बसली की ही डब्यात हात घालायची."

नवव्या रात्री सोहळा झाला. खांबांवरचं घर, चटई, दिवा मालवलेला. ती वेल म्हणजे आयावास्का. तिथल्या भाषेत त्या नावाचा अर्थ आत्म्यांची दोरी असा आहे, हे मी नंतर पुस्तकांतून शोधलं. भाऊंनी तिचं वर्णन केलं ते आचाऱ्याच्या भाषेत : मनगटाएवढी जाड, नारळाच्या काथ्यासारखी पीळ घातलेली, दिवसभर उकळून तिचा तपकिरी, कडू काढा होतो. म्हातारीनं वाटीत थोडा ओतला, त्यावर तंबाखूचा धूर फुंकला, काहीतरी पुटपुटली. भाऊंनी हात पुढं केला. तर म्हातारी हसली आणि वाटी स्वतःच्याच तोंडाला लावली. भाऊ गोंधळले. मार्तानं तिचं म्हणणं सांगितलं : "आजारी तू आहेस. बघायचं मला आहे. तू पिऊन काय करणार?" त्या रात्री ती उलट्या करत होती, गात होती, मध्येच उठून भाऊंच्या टाळूवर धूर फुंकत होती. ती गाणी तिला त्या वेलीनंच शिकवली, असं तिथं मानतात. भाऊ पडल्यापडल्या ऐकत होते. त्यांनी थेंबही घेतला नव्हता. पहाटे तिनं त्यांच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला. "खारट," भाऊ मराठीत म्हणाले, आणि मग दुपारपर्यंत रडत होते.

दुसरीकडे आजाऱ्यालाही देतात, असं मार्ता सांगायची. रीत वस्तीवस्तीला वेगळी. पण देणाऱ्यानं आयुष्य त्या जंगलात काढलेलं असतं, त्याआधीची पथ्यं असतात, आणि आधी बसून विचारणं असतं. ते सगळीकडे असतं. निघताना भाऊंनी त्या वेलीचा एक तुकडा मागितला, आठवण म्हणून. म्हातारी चिडली. "ही इथली. हिची माणसं इथं, हिची गाणी इथं. तुझ्या गावातल्या वेली मेल्या का?" भाऊ सुट्टीवर वसईला आले तेव्हा वाडीच्या कुंपणावर गुळवेल लोंबत होती. त्यांची आई तापाला तिचाच काढा द्यायची. जन्मभर त्या कुंपणाशेजारून गेलो, म्हणायचे, तिच्याकडे मान वर करून कधी बघितलं नव्हतं. वीतभर कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ती मस्कतला आणली आणि निझवाच्या बाजारातून घेतलेल्या मातीच्या कुंडीत लावली. ती त्यांची गावातली वेल. तिचं ते काहीही करत नसत. पाणी घालायचे, बस.

आमचा एक छोटा वाचनगट आहे, घुब्रातली दहाबारा घरं. दिवाळीला आम्ही एक घरगुती अंक काढतो. गेल्याच्या आदल्या दिवाळीत मी भाऊंवर लेख लिहिला. त्यांची परवानगी घेऊन, त्यांना वाचून दाखवून. शेवट असा होता : "घुब्रातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर, मातीच्या कुंडीत, एक वेल अजून हळूहळू वर चढते आहे." पहिल्या खर्ड्यात 'एक वेल'च्या जागी 'वसईची गुळवेल' होतं. मला ते शेवटी खटकलं. गुळवेल म्हटलं की काढा आठवतो, खोकला आठवतो. मी ते काढलं. भाऊ ऐकून म्हणाले, "मास्तर, गुळवेल म्हणून लिहा की. लोकांना वाटेल मी काय आणलंय." मी म्हटलं, "भाऊ, वाचकाला कळतं." ते म्हणाले, "तीस वर्षं लोकांना वाढतोय. माणसाला काय कळतं ते मला विचारा." पण त्यांनी हट्ट धरला नाही. लिहिणाऱ्याला लिहिण्यातलं जास्त कळतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्यावर तेवढा विश्वास टाकला.

अंक फोनवरून फोनवर गेला. आधी नुसती थट्टा. "काय भाऊ, अ‍ॅमेझॉनवरून मागवली का?" मग लोक वर यायला लागले, शुक्रवारचे नव्हेत, वेगळे. चकचकीत, हसरे. गॅलरीत जाऊन वेलीबरोबर फोटो काढायचे. भाऊ प्रत्येकाला सांगायचे, ही गुळवेल आहे. आणि लोक डोळा मारायचे! माझा खरा संताप इथून सुरू होतो. ही सगळी आपली माणसं. कोकणातली, देशावरची. ज्यांच्या आजोळी कुंपणावर ही वेल माजलेली असते, ज्यांच्या आयांनी तिचा काढा नाक दाबून पाजलेला आहे, त्यांना तिचं बदामाच्या आकाराचं पान ओळखू येईना. आणि नाव सांगितलं तरी पटेना, कारण त्यांना गुळवेल नकोच होती. जुबेदा पहिल्यांदा त्या घरात गेली तेव्हा दारातूनच म्हणाली होती, "अगो, गुळवेल! कशी लागली हो इथल्या उन्हात?" तिनं माझा लेख वाचला तेव्हा मला म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचता, आणि घरच्या वेलीचं नाव लिहायची लाज वाटली." मला तेव्हा ते बोलणं खोचक वाटलं. आता नुसतं खरं वाटतं.

मग, पुढं ज्यांनी तो फोटो टाकला, त्या बाई आल्या. नाव लिहीत नाही. आयुष्य कसं जगावं याचे वर्ग घेतात. येताना सुक्या मेव्याचा डबा आणला होता. मी तिथंच होतो. त्यांना समुद्राकडच्या एका फार्मवर निवडक लोकांसाठी 'प्लांट सेरेमनी' करायची होती, आणि भाऊंनी ती चालवावी असं त्यांचं म्हणणं होतं.

"कोण आजारी आहे?" भाऊंनी विचारलं.

"आतून सगळेच आजारी असतात, भाऊ."

"मग पाठवा एकेकाला. पेज लावतो."

बाई हसल्या. "तुम्ही फार गोड आहात. पण लोकांना अनुभव हवा असतो."

"आजाऱ्याला अनुभव नको असतो, बाई. आजार जायला हवा असतो. आणि ही गुळवेल आहे."

"कळलं, कळलं," त्या म्हणाल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. "इथले कायदे कडक आहेत. मी कुठं काही म्हटलं?"

भाऊ चहा करायला आत गेले. मी आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत आलो आहे, पण पाठीमागं काय चाललं आहे हे मला दिसत नाही. त्या गेल्यावर भाऊंनी गॅलरीतून हाक मारली. वेलीचा हातभर तुकडा गेला होता. काप तिरका होता, नखं कापायच्या कात्रीचा. भाऊ बराच वेळ त्या कापावर बोट ठेवून उभे होते. मग म्हणाले, "मागितली असती तर दिली असती की. ताप आल्यावर बरी."

फेब्रुवारीत त्या फार्मवर सोहळा झाला. गुळवेलीबरोबर त्यांनी आणखी कसकसल्या पुड्या उकळल्या, ते मला माहीत नाही. ते त्यांनाही माहीत होतं असं मला वाटत नाही. कुणी कुणाला काल काय जेवलात हे विचारलं नाही. कुणाला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारलं नाही. ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं आणि पेले वाटले. एक मध्यमवयीन बाई, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या, उलट्या होऊन बेशुद्ध पडल्या. चार दिवस दवाखान्यात होत्या. सुदैवानं वाचल्या. त्यांच्या घरच्यांनी विचारलं, तेव्हा आयोजक बाईंनी सांगितलं, "वेल इनासची. तो तिकडं शिकून आलाय."

पोलीस आले तेव्हा मी वर गेलो होतो. तरुण ओमानी अधिकारी, हिंदी बोलणारा. "चाचा, ये क्या है?" भाऊ म्हणाले, "गुळवेल." "किसलिए?" "बुखार के लिए. और देखने के लिए." अधिकाऱ्यानं पानाला हात लावला, वही काढून लिहून घेतलं आणि कुंडी तपासणीसाठी नेली. भाऊंना दोनदा बोलावलं, चहा दिला, विचारलं, सोडलं. तीन आठवड्यांनी कळवलं, काही नाही, घेऊन जा. मी भाऊंबरोबर कुंडी आणायला गेलो. वेलीला कुणीतरी काठीचा आधार बांधला होता. माती ओली होती. त्या ठाण्यात तीन आठवडे कुणीतरी तिला पाणी घालत होतं... आणि त्याच तीन आठवड्यांत आपल्या माणसांपैकी कुणी भाऊंना पाणी हवं का म्हणून विचारलं नाही. वाचनगटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सभ्य संदेश आला होता, "सध्या आपण सगळ्यांनी थोडं लांब राहावं." शुक्रवारची माणसं यायची थांबली. चर्चमधल्या प्रार्थनेनंतर त्यांच्याबरोबर चहाला थांबणाऱ्यांना घरी कामं निघायला लागली. हॉटेलनं कराराला मुदतवाढ द्यायची नाही असं ठरवलं. कारण दिलं वयाचं. भाऊंनी मला ते पत्र दाखवलं आणि म्हणाले, "खलास, मास्तर." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असायला हवी होती. ती माझ्या आवाजात तरी असायला हवी होती.

मी काय करत होतो? मी खुलासा लिहीत होतो. दोन ओळींचं काम होतं : ती गुळवेल आहे, तसं लिहिलेलं होतं, मी ते काढलं, चूक माझी. ते लिहायला मला नऊ दिवस लागले. एक वाक्य लांब वाटे, एक बोचरं. आणि आतून भीती होती, ती वाक्यांच्या मागं लपवत होतो. शाळेनं मलाही बोलावलं तर? नवव्या दिवशी मी तो गटावर टाकला, तोवर हॉटेलचं पत्र येऊन गेलं होतं. तीन अंगठे आले. त्याखालचा पुढचा संदेश होता, "मवालेहच्या बाजारात हापूसच्या पेट्या आल्यात, कुणाला हव्यात?" त्यावर एकवीस जणांनी उत्तर दिलं. तेवढे मी मोजले.

जूनमध्ये भाऊ निघाले. फ्लॅटमध्ये चार खोकी आणि ती कुंडी. ती उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. "विमानात कुठं नेऊ? तिकडं कुंपणावर ढीगभर पडलीय. उन्हाळ्यात हिच्यावर एक जुनी चादर टाका." दारात थांबले आणि हसले. "आता तरी नाव लिहाल ना तिचं?" मी हो म्हटलं. जिना उतरताना जुबेदा रडत होती आणि ते तिला म्हणत होते, "अगं बाय, रडायचं काय, पेज कर मास्तरांना, आळणी."

डिसेंबरात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाले, "मास्तर, हल्ली मीठ लागत नाही." मी म्हटलं, "गोळ्या बदलल्या का? डॉक्टरांना विचारा." "बरं, विचारतो," ते म्हणाले. ज्या माणसानं पंचवीस वर्षं लोकांना विचारलं, त्याला त्या दिवशी मी एकही प्रश्न विचारला नाही. काल काय जेवलात, एवढं मला येत होतं. समोर बसून शिकलो होतो. त्याच महिन्यात पुतण्याच्या लग्नाला आम्ही मुंबईत उतरून रत्नागिरीला गेलो. वसई काही लांब नव्हती. परतताना जाऊ, असं ठरलं होतं. परतताना सामान फार होतं.

सिंथिया नर्स आहे. तिनं फोनवर हृदयाचं नीट समजावून सांगितलं, आणि डॉक्टरांनी जे लिहून दिलं त्यावर मी बोलणार नाही. पण शेवटी ती म्हणाली, "अंकल, पप्पा सारखे म्हणायचे, सगळं आळणी लागतं. मी मीठ कमी केलंय म्हणून म्हणतायत असं मला वाटायचं."

मार्ता अजून नाताळला भाऊंना संदेश पाठवायची. दोन्या एल्वीरा केव्हाच गेली. तिकडं आता परदेशी लोकांच्या बोटी येतात, रात्रीत चार-चार सोहळे होतात, जवळपासची जुनी वेल कापून संपली, वस्तीतल्या कुणाला हवी असेल तर लांब जंगलात जावं लागतं, असं तिनं कळवलं होतं. त्या बोटींपैकी एकीतून जाणाऱ्यांचा आता भाऊंच्या नावाचा सोहळा होणार आहे. ज्यानं सोहळ्यात थेंबही घेतला नाही आणि एक पानही तिथून उचललं नाही, त्याच्या नावानं! त्या म्हातारीनं एका परक्या आचाऱ्यासाठी नऊ दिवस घालवले आणि वाटी स्वतः प्यायली. तुम्ही वाटी वाटता आणि आजाऱ्याला दवाखान्याच्या दारात सोडता. मग ज्या आचाऱ्याला वाऱ्यावर सोडलंत तो मेल्यावर त्याला गुरू करता. मी त्या फोटोखाली लिहिलं, "हे कूक होते. त्यांच्याकडे फक्त गुळवेल होती." नऊ मिनिटांत लिहिलं. संध्याकाळपर्यंत ते काढून टाकलेलं होतं. म्हणून इथं लिहितो, इथून ते कुणाला काढता येणार नाही.

परवाच्या शुक्रवारी जिन्यात एक माणूस दिसला. रायगडकडचा, ट्रेलर चालवतो. कुणीतरी फार पूर्वी त्याला तिसऱ्या मजल्याचा पत्ता दिला होता. भाऊ गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. तो परत फिरत होता. जुबेदानं त्याला आत बोलावलं आणि पेज टाकली. मी समोर बसलो. काही सुचेना, तेव्हा लसूण घेतला. बऱ्याच वेळानं विचारलं, "काल काय जेवलात?" तो म्हणाला, "आठवत नाही." मग थोडं थांबून त्याला आठवायला लागलं.

तो येत्या शुक्रवारी येणार आहे. कुंडी आमच्या गॅलरीत आहे. तिच्यात गुळवेल आहे.